मेहुण्याची कंपनी एनसीएलटीत, जामीन तुम्ही

प्रश्न: मेहुण्याच्या इचलकरंजीतल्या प्रोसेसिंग कंपनीवर १ कोटी ८० लाखांचं कर्ज आहे. मेहुणा, त्याची बायको आणि मी असे तिघं जामीन आहोत. कंपनी आता दिवाळखोरीसाठी एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेली आहे. मेहुणा म्हणतो, वसुली थांबली, निश्चिंत राहा. पण बँकेने मला नोटीस पाठवली आहे, आणि ४५ लाख भरले तर मोकळं करू, असं मॅनेजर तोंडी सांगतात. त्याच बँकेत माझी ३५ लाखांची एफडी आहे. पीपीएफमध्ये २२ लाख आहेत, पत्नीसोबत सांगलीत फ्लॅट आहे. पीपीएफ मोडून पैसे भरू, की फ्लॅट मुलीच्या नावावर करून थांबू?

उत्तर: थांबू नका. ४५ लाखांची तडजोड माझ्या मते करण्यासारखी आहे, पण पीपीएफ न मोडता, आणि मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच.

मेहुणा सांगतो ते कंपनीपुरतं खरं आहे. दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ने वसुलीला मिळणारी स्थगिती जामीनदाराला लागू नाही, हे २०१८च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिलं गेलं. १ डिसेंबर २०१९पासून कंपनीच्या वैयक्तिक जामीनदाराविरुद्ध बँक स्वतंत्र दिवाळखोरीचा अर्जही करू शकते. उद्या कंपनीला नवा मालक मिळाला आणि बँकेने कमी रकमेवर समाधान मानलं, तरी तेवढ्याने जामीनदार सुटत नाही. ललितकुमार जैन प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.

तिघांत भागून माझ्या वाट्याला ६० लाख, असा हिशेब तुम्ही मनात धरला असेल. तो बँकेवर बंधनकारक नाही. १८७२च्या करार कायद्याच्या कलम १२८नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हमीपत्रात रकमेची मर्यादा नसेल, तर बँक सगळे पैसे एकट्या तुमच्याकडे मागू शकते. म्हणून आधी हमीपत्राची प्रत काढून वकिलांना दाखवा. तुमच्या सहीशिवाय नंतर कर्जमर्यादा वाढवली असेल, तर घासाघीस करायला तो मुद्दा उपयोगी पडेल. नोटिशीला उत्तरही वकिलांमार्फत मुदतीत जाऊ द्या.

एफडी त्याच बँकेत आहे. हमीपत्रात ठेव वळती करून घेण्याचं कलम बहुतेक असतंच, तेव्हा ते ३५ लाख बँकेच्या हातात आहेत असंच समजा. म्हणजे तुमचा खरा निर्णय उरलेल्या १० लाखांचा आहे. तेवढ्यात १ कोटी ८० लाखांचं ओझं उतरत असेल, तर मी ते देईन. वर्षभराचे हप्ते मागा. पीपीएफला हात लावू नका. तिथली शिल्लक न्यायालयाच्या आदेशाने जप्त होत नाही, पण काढून बचत खात्यात आणलीत की ते संरक्षण गेलं. म्हातारपणासाठी तुमच्याकडे दुसरं काय आहे?

फ्लॅटचं बक्षीसपत्र तर अजिबात करू नका. नोटीस आल्यानंतर मुलीच्या नावावर केलेला फ्लॅट घेणेकऱ्यांना फसवण्यासाठीच दिला, असं बँक म्हणेल. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३खाली तो व्यवहार रद्द होऊ शकतो, आणि लेकीला विनाकारण कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. पत्नी जामीनदार नाहीत. तडजोडीच्या कुठल्याही कागदावर त्यांची सही होऊ देऊ नका.

मॅनेजरांच्या तोंडी शब्दावर एक रुपयाही भरू नका. तसं केलंत तर ते पैसे फक्त कर्जातून वजा होतील, तुमची हमी तशीच राहील. सक्षम अधिकाऱ्याच्या सहीच्या पत्रात तुमचं नाव, रक्कम, हप्त्यांच्या तारखा, आणि शेवटच्या हप्त्यानंतर हमीतून पूर्ण मुक्तता हे स्पष्ट लिहिलेलं हवं.

भरलेले पैसे कंपनीकडून परत मिळतील, हे गृहीत धरू नका. कंपनीकडून वसुलीचा तुमचा हक्क दिवाळखोरीतून कंपनी सोडवण्याच्या मंजूर योजनेत संपवता येतो. एस्सार स्टीलच्या २०१९च्या निकालात तसंच झालं. आणखी एक गोष्ट बरेचजण विसरतात. करार कायद्याच्या कलम १३८प्रमाणे बँकेने तुम्हाला सोडलं, तरी सहजामीनदारांप्रती तुमची जबाबदारी संपत नाही. उरलेली वसुली मेहुण्याकडून झाली, तर तो तुमच्या ६० लाखांच्या वाट्यातले राहिलेले पैसे तुमच्याकडे मागू शकतो. नातं कितीही चांगलं असो, ४५ लाखांपैकी पहिला हप्ता भरण्याआधी तो हक्क सोडल्याचं लेखी पत्र मेहुणा आणि त्याची बायको, दोघांकडून घ्या.