आयएसओ, शटर, अ‍ॅपर्चर वाचून गोंधळ झालाय, आधी काय शिकू?

तुमची अडचण थोडक्यात अशी: नवा कॅमेरा, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स. ऑटोवर ठेवून गोकाकच्या धबधब्याचे फोटो काढले तर काळपट आले, आणि बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीचे सगळे हलले. तिन्हींच्या व्याख्या (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, शटर म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, आयएसओ म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) पाठ आहेत, पण आधी कशाला हात लावायचा ते कळत नाही.

या तिन्हींच्या आधी कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारी यंत्रणा, समजून घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. समोर काय आहे याचा नवे कॅमेरे थोडाफार अंदाज घेतात, पण मूळ हिशेब जुनाच आहे: सगळ्या फ्रेमचा उजेड मिळून मध्यम करड्या रंगाइतका यावा.

आता गोकाक बघा. पावसाळ्यात घटप्रभेचं पाणी गढूळ, तांबूस असतं. ते मीटरला फारसं फसवत नाही. फसवतं ते वरचं पांढरं ढगाळ आभाळ. अर्धी फ्रेम आभाळानं भरली की मीटरला उजेड जास्त वाटतो, तो कमी करतो, आणि कातळ, पाणी, झुलता पूल सगळं काळवंडतं. अशा वेळी अधिक-उणे चिन्हाचं जे बटण असतं, त्यावर +१ करा. आभाळ पांढरं पडेल, पडू दे. नाहीतर कॅमेरा थोडा खाली घेऊन आभाळच काढून टाका. मला तेच जास्त आवडतं.

याच्या उलट प्रकार बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्तीत होतो. १२०४ सालचं हे जैन मंदिर, आत घासून गुळगुळीत केलेले काळे खांब. फ्रेमभर काळा दगड घेतला की मीटर तो उजळवतो आणि खांब सिमेंटचे असल्यासारखे राखाडी येतात. -१ केलं की दगडाचा काळेपणा परत येतो आणि खांबावरची चकाकीही दिसायला लागते. पांढरं जास्त असेल तर अधिक, काळं जास्त असेल तर उणे. सुरुवातीला हे उलटं वाटतं, पण हात लवकर बसतो. पूर्ण ऑटोवर हे बटण बहुतेक कॅमेऱ्यांत चालत नाही, म्हणून मोडची चकती कॅननवर 'एव्ही'ला आणि निकॉनवर 'ए'ला ठेवा; यात अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा.

यानंतर ती तिन्ही सोपी जातात, कारण तिघांचा हिशेब दुप्पट-निम्म्याचा आहे. एफ/५.६ (हे अ‍ॅपर्चर, आकडा मोठा तसं भोक लहान) आणि १/१२५ सेकंद (हे शटर), एफ/८ आणि १/६०, एफ/४ आणि १/२५०: तिन्हींत उजेड जवळजवळ तेवढाच. फोटो मात्र वेगळे. म्हणून आधी स्वतःला विचारायचं, या फोटोत मला हालचाल धरायची आहे की पुढून मागपर्यंत सगळं स्पष्ट हवं आहे? हालचाल असेल तर शटर आधी ठरवा, नाहीतर अ‍ॅपर्चर. आयएसओ उरलेली तूट भरून काढतो. हलशीच्या देवळाचा फोटो दिवसा काढताना एफ/८ आणि आयएसओ १०० ठेवलं की बाकी फार बघावं लागत नाही.

मिरवणुकीला मात्र शटर आधी. चकती कॅननवर 'टीव्ही'ला, निकॉनवर 'एस'ला; यात शटर तुम्ही ठरवता. १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं चित्ररथावरचे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर फार जलद केलं की फोटोत आडवे पट्टे येतात. १/१००ला सजीव देखाव्यात स्थिर उभी असलेली मंडळी स्वच्छ येतात, लेझीमवाल्यांचे हात थोडे फिसकटतात, आणि ते फिसकटणं छान दिसतं. आयएसओ ऑटोवर टाकून कमाल मर्यादा ३२०० करा. आयएसओ वाढल्यानं फोटोत दाणे दिसतील म्हणून घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला घरी बसून दुरुस्त होत नाही.

झूम करू नका, हे महत्त्वाचं. किट लेन्स १८ला एफ/३.५ देते, ५५ला एफ/५.६. म्हणजे नुसतं झूम केल्यानं उजेड निम्म्याहून कमी होतो. गर्दीत वाट काढून चार पावलं पुढं जा.

आणि तिथंही मीटर आहेच. मागं सगळा काळोख, म्हणून तो फोटो उजळवायला बघतो आणि झगमगाटात उभ्या मावळ्यांचे चेहरे पांढरेफटक होतात. -१ पासून सुरू करा. कॅमेऱ्यात हायलाइट अलर्ट असतो, तो चालू ठेवा: जिथं उजेड पार उडाला तो भाग स्क्रीनवर लुकलुकतो. माळांचे दिवे लुकलुकले तर सोडून द्या. चेहरा लुकलुकला तर आणखी थोडं उणे करून पुढचा चित्ररथ यायच्या आत पुन्हा काढा.