आजवर फोटो बघून चित्रं केली, आता पहिल्यांदाच बाहेर बसून जलरंगात निसर्गचित्र करायचंय. नाशिकच्या गोदाघाटावर सुरुवात कशी करू?

आजवर तुम्ही फोटो बघून चित्रं केलीत आणि आता घाटावर बसायचंय, म्हणजे सगळ्यात मोठा बदल एकच: फोटोतलं ऊन हलत नाही, घाटावरचं हलतं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दीड तासानंतर तुम्ही भलतंच चित्र रंगवत असता, त्यामुळे तेवढ्यात आटपेल इतकाच विषय घ्या.

बुधवार टाळा, घाटावर बाजार असतो. पाठीमागे भिंत येईल असं बसा, नाहीतर बघे खांद्यावरून डोकावतात.

जागा निवडताना आधी ऊन बघा, देऊळ नंतर. पंचवटी नदीच्या पूर्वेला. सकाळी शहराच्या काठावरून नारोशंकराच्या देवळाकडे पाहिलंत तर सूर्य समोर येतो आणि शिखर, भिंत, पायऱ्या मिळून एकच गडद आकार होतो. नवख्याला हेच बरं, तपशील आपोआप गळतात. पंचवटीकडून शहराकडे पाहिलंत तर सगळं लख्ख दिसतं, सगळंच काढावंसं वाटतं, आणि चित्र पेन्सिलीतच अडकतं. कागद मात्र सावलीत हवा. उन्हात रंग उजळ भासतात, म्हणून आपण गडद लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. रंगीत छत्री नको, तिची झाक कागदावर पडते.

सामान थोडंच न्या. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कोल्ड प्रेस, किंचित खरबरीत कागद, साडेसात बाय अकरा इंच, चारही बाजूंनी मास्किंग टेपने पॅडवर चिकटवलेला. पातळ कागद फुगतो आणि खळग्यांत पाणी साचतं. १२ आणि ६ नंबरचे गोल ब्रश, एक रिगर, म्हणजे लांब केसांचा बारीक ब्रश. रंग अल्ट्रामरिन आणि कोबाल्ट (दोन्ही निळे), यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), क्रिम्सन (गडद लाल) आणि एक पिवळा. पाणी घरून, दोन भांडी, सुती फडकं.

आधी दोन-तीन इंचांचं कच्चं चित्र, फक्त तीन टोनमध्ये: पांढरा, मधला, गडद. इथे जमलं नाही तर मोठ्या कागदावरही जमत नाही. मग दहा मिनिटांत पेन्सिल. सावलीची कड आत्ताच आखा आणि पुढे ऊन कुठेही जावो, ती बदलू नका. अर्धी सावली आठची, अर्धी साडेनऊची, हीच सर्रास होणारी चूक.

पॅडखाली दगड ठेवून थोडा उतार द्या. पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, कोऱ्या चहाइतका पातळ, आकाशापासून पाण्यापर्यंत सलग, पाण्यावरची चमक कोरी सोडून. रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवून ठेवा. उन्हाळ्यात मध्येच रंग संपला तर दुसरा कालवेपर्यंत कड वाळते आणि रेघ कायमची राहते. पावसाळ्यात उलट: कागद वाळल्यासारखा दिसतो पण आतून ओला असतो, आणि त्यावर पाणीदार ब्रश टेकला की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग फुटतात. हाताची मागची बाजू टेकवून बघा, गार लागला तर थांबा.

दुसरा वॉश ताकासारखा, पूर्ण गडद आकार एकदम. काळ्या दगडासाठी ट्यूबमधला काळा वापरू नका, तो निर्जीव दिसतो. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना मिसळा. सावलीकडे निळा जास्त, उन्हाकडे तांबूस जास्त. वाळल्यावर जलरंग फिका पडतो, म्हणून हवा त्यापेक्षा एक पायरी गडदच लावा. एकदा लावलेल्या जागी परत घासू नका, तिथेच रंग मळतो.

माणसं शेवटी, दह्यासारख्या घट्ट रंगात: डोक्याला टिंब, खाली गाजराचा आकार. पाय काढायच्या फंदात पडू नका.

टेप चित्र पूर्ण वाळल्यावरच काढा, बाहेरच्या दिशेने तिरकी ओढत. ओल्या कागदावरून ओढली की कडेचा पापुद्रा निघून येतो.