आधी पट्टा बघा, मग कातडं

मागच्या वेळी बॅगांवर लिहिलं आणि प्रश्नांचा ढीग आला. बरेचसे सारखेच होते, म्हणून त्यातले सहा निवडले; खाली आधी प्रश्न, मग माझं उत्तर. मी बॅगा शिवते आणि त्याहून जास्त दुरुस्त करते. त्यामुळे माझी उत्तरं दुकानाच्या काउंटरवरून नाही, दुरुस्तीच्या टेबलावरून आलेली आहेत, हे ध्यानात ठेवा.

मी डोंबिवली ते सीएसएमटी रोज लोकलने जाते. बॅगेत १४ इंची लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली आणि छत्री असते. लेदरची टोट (दोन बंदांची मोठी खांद्यावरची बॅग) घेऊ की स्लिंग (आडव्या पट्ट्याची)? बजेट पाच हजार. खांदा आत्ताच दुखतो.

बाई, आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. लॅपटॉप दीड किलो, चार्जर ३०० ग्रॅम, भरलेली स्टीलची बाटली एक किलो, डबा ७०० ग्रॅम, छत्री ३५० आणि फोन-पाकीट मिळून ४००. झाले सव्वाचार किलो. म्हशीच्या जाड कातड्याची, आत अस्तर आणि कप्पे असलेली टोट रिकामीच सव्वा-दीड किलो भरते. म्हणजे खांद्यावर साडेपाच किलो, आणि तेही एकाच बाजूला. टोट दिसते छान, पण डोंबिवलीच्या गर्दीत ती खांद्यावरून घसरणार, दुसऱ्याच्या कोपरात अडकणार. वर नुसतं मॅग्नेटचं बटण असेल तर आतलं सगळं जगजाहीर.

तुम्हाला हवी आडव्या पट्ट्याची बॅग. लोकलच्या डब्यात शिरताना ती पोटावर घेता आली पाहिजे आणि तिच्या तोंडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चेन हवी. रिकाम्या बॅगेचं वजन ९०० ग्रॅमच्या आत ठेवा. पट्टा साडेतीन-चार सेंटिमीटर रुंद हवा. बोटभर रुंदीचा नाजूक पट्टा फोन-पाकिटाच्या पर्सला शोभतो, लॅपटॉपच्या बॅगेला लावला तर तो खांद्यात रुततो.

आता पट्टा बॅगेला जिथे जोडलाय ती जागा बघा. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सात बॅगा याच जागी फाटलेल्या असतात. कातडं ठणठणीत, कडी उखडलेली. कडी धरणारा तुकडा बॅगेच्या तोंडाच्या शिवणीत जेमतेम बोटभर खुपसलेला असेल तर ती बॅग ठेवून द्या. तो तुकडा बॅगेच्या अंगावर चांगला चार-पाच सेंटिमीटर खाली उतरलेला, चौकोनात शिवलेला आणि वर रिव्हेट, म्हणजे धातूची खिळी, मारलेला हवा. आत बोट घालून चाचपा, रिव्हेटच्या मागे जादा कातड्याचा तुकडा लागला पाहिजे. पट्टा दोन्ही हातांनी ताणा. दोन कातड्यांच्या मध्ये नायलॉनची पट्टी घातलेली असेल तर तो ताणला जात नाही. नुसतं मऊ कातडं असेल तर सहा महिन्यांत बॅग गुडघ्यापर्यंत येते.

आणखी एक, १४ इंच हे पडद्याच्या कर्णाचं माप आहे. लॅपटॉपची रुंदी साधारण ३२ सेंटिमीटर असते, तेव्हा चेन उघडल्यावर तोंड आतून ३५ सेंटिमीटर भरायला हवं. दुकानात लॅपटॉप घेऊनच जा. लाजू नका.

पाच हजारांत उत्तम कातडं आणि उत्तम जोडकाम दोन्ही मिळणं अवघड. मी तुमच्या जागी असते तर बॅगेचं अंग जाड कॅनव्हासचं आणि पट्टे, तळ, कोपरे कातड्याचे अशी बॅग घेतली असती. आणि डबा वेगळ्या कापडी पिशवीत. उसळीचं तेल एकदा कातड्यात मुरलं की निघत नाही.

धारावीत एका दुकानदाराने लायटर पेटवून बॅगेला लावून दाखवला, काही झालं नाही. आत "जेन्युइन लेदर" असा शिक्काही होता. मग ते अस्सल समजायचं ना?

लायटरचा खेळ विसरा. झटकन फिरवलेल्या ज्योतीने चांगलं रेक्झिनही लगेच वितळत नाही. कातड्याचा भुसा चिकटवून केलेलं बाँडेड लेदरही त्यात पास होतं.

शिक्क्याचं म्हणाल तर तो खोटा असेलच असं नाही, पण तो फार थोडं सांगतो. जाड कातडं यंत्रावर आडवं चिरतात. वरचा थर घट्ट विणीचा, त्यालाच जनावराच्या केसांची छिद्रं असतात. खालचा थर, ज्याला धंद्यात स्प्लिट म्हणतात, तो तंतूंचा आणि कमकुवत. त्याच्यावर प्लास्टिकचा थर देऊन कातड्यासारखी नक्षी दाबली की तेही "लेदर"च. वर्षभरात कोपऱ्यांवरचं प्लास्टिक उडतं आणि आतून राखाडी तंतू दिसायला लागतात.

म्हणून कापलेली कड शोधा. बाहेरच्या कडा दुमडलेल्या किंवा रंगवलेल्या असतात, पण आतल्या कप्प्यात किंवा चेनच्या टोकाशी कुठेतरी उघडी कड सापडते. तिथे एकजीव तंतू दिसले तर बरं. वर पातळ पापुद्रा आणि खाली वेगळाच थर दिसला तर स्प्लिट किंवा रेक्झिन. मग बॅग जिथे वाकते तिथे अंगठा दाबा. चांगल्या कातड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उठतात आणि हात काढल्यावर विरतात. सगळीकडे एकसारखी नक्षी, एकही डाग नाही, माशी चावल्याची खूण नाही, असं असेल तर मला शंका येते. धारावीत चांगला मालही भरपूर मिळतो, फक्त दुकानदाराऐवजी कड काय म्हणते ते ऐका.

रत्नागिरीला राहतो. पत्नीच्या दोन लेदर बॅगांना दर पावसाळ्यात बुरशी येते. खोबरेल तेल चोळून प्लास्टिकमध्ये बांधून ठेवतो, तरी येतेच.

तरी नव्हे, त्यामुळेच येते! तेल बुरशीला खाऊ घालताय आणि प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडताय.

बॅग अंगणात किंवा गच्चीत नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, घरात झटकू नका. मग सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन फडकं ओलसर करा आणि आधी तळाशी लपलेल्या जागी लावून बघा. रंग उतरला नाही तरच बाकीची बॅग पुसा. पंख्याखाली सावलीत वाळवा. उन्हात ठेवलीत तर कातडं कडक होऊन तडकतं. वाळल्यावर लेदर क्रीमचा अगदी पातळ हात.

ठेवताना आत जुना सुती पंचा कोंबा, म्हणजे आकार राहतो, आणि उशीच्या अभ्र्यात घालून ठेवा. भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या तळाशी नको, वरच्या फळीवर. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा ती बॅग घेऊन वहिनींना बाहेर न्या.

आईच्या पंच्याहत्तरीला पर्स द्यायची आहे. तिची बोटं संधिवाताने आखडलेली आहेत.

बकल नको, घट्ट मॅग्नेट नको, खटका तर नकोच. मोठ्या दात्यांची चेन घ्या आणि रनरला कातड्याची लांब शेपटी बांधून घ्या, कोणताही चांभार पाच मिनिटांत लावून देईल. कातडं बकरीचं, ते पातळ आणि हलकं असूनही चिवट असतं. अस्तर फिक्या रंगाचं बघा. काळ्या अस्तरात चष्मा आणि किल्ल्या शोधताना म्हाताऱ्या माणसांची त्रेधा उडते. शांतिनिकेतनी नक्षीच्या, म्हणजे कातड्यावर उठावाची नक्षी दाबून रंगवलेल्या बॅगा त्यांच्या पिढीला आवडतात आणि हलक्याही असतात, तो एक पर्याय.

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावर वाद झाला. तेव्हापासून मनात आहे, त्याच कातड्याची बॅग शिवून घ्यावी का?

घ्या, पण स्वभाव समजून घ्या. कोल्हापुरीचं कातडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. बाजारातल्या बहुतेक मऊ बॅगा क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या कातड्याच्या असतात. झाडपाल्याने कमावलेलं कातडं सुरुवातीला ताठ असतं, उन्हाने आणि हाताच्या घामाने गडद होत जातं. पावसाचे थेंब पडले तर डाग राहतात. ज्यांना बॅग कायम नव्यासारखी हवी त्यांनी या वाटेला जाऊ नये. मला स्वतःला तो मुरलेला मधासारखा रंग फार आवडतो.

कारागिराला स्पष्ट सांगा, चपलेच्या तळाचं जाड कातडं नको, दीड मिलिमीटरच्या आसपासचं हवं. नाहीतर तो प्रेमाने अशी बॅग देईल की उचलायला दुसरा माणूस लागेल. आणि पहिले काही महिने पांढऱ्या कुर्त्यावर ती अडकवू नका, रंग लागतो.

वडिलांची ऐंशीच्या दशकातली कातडी ऑफिस बॅग माळ्यावर सापडली. शिवण उसवली आहे, बकल काळं पडलंय. मला पर्स म्हणून वापरायची आहे. दुरुस्त होईल?

फडक्याने धूळ पुसून तळहात घासा. तांबूस भुकटी हाताला लागली तर कातडं आतून कुजलंय, ते कोणत्याही तेलाने परत येत नाही. भुकटी नसेल तर झाकण हळूच वाकवा. सुरकुत्या पडल्या तर उत्तम, तडा गेला तर थांबा.

कातडं शाबूत असेल तर उसवलेली शिवण ही किरकोळ गोष्ट. जुन्याच भोकांतून मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुयांनी हाताने शिवून घ्या. मशीनवर देऊ नका. मशीन जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पाडते आणि कातडं टपाल तिकिटासारखं फाटतं. लांब पट्टा नवा लावावा लागेल. बकल मात्र बदलू देऊ नका. काळेपणा चिंचेने घासून बघा, पिवळं निघालं तर ते पितळ आहे. फक्त घासण्याआधी ते कातड्यावरून सोडवून घ्या, चिंचेचा डाग माझ्याच्यानेही निघत नाही.