आई सातनंतर पाणी का पीत नाही?

पत्र लांबलचक आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. लिहिणारा ५२ वर्षांचा, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, आता डोंबिवलीत टू बीएचके. चाळ सोडून २६ वर्षं झाली, खोली काकांकडे राहिली. आता त्यांची चाळ पाडायला घेणार, म्हणून जुन्या पोरांनी जांबोरी मैदानाजवळ शेवटचं गेट-टुगेदर ठरवलंय. सगळ्यांच्या आया येणार, ह्याची आई सोडून. ती म्हणते, "तू जा, मला नाही यायचं." ह्याला ते लागलंय. "मावशी, आईला चाळीबद्दल काहीच कसं वाटत नाही? तिला कसं समजावू?"

समजावू नकोस. पहिली गोष्ट ती.

तुझ्या पत्रात दहीहंडी आहे, गणपतीतले पत्त्यांचे डाव आहेत, एकाच्या घरी टीव्ही आणि दारात वीस जणांच्या चपला, सगळं वाचलं आणि खरं सांगते, मजा आली, मी पण गिरगावच्या चाळीतलीच आहे. पण मी अडकले शेवटून दुसऱ्या ओळीत. तू सहज लिहून गेलायस, "आई जरा विक्षिप्तच आहे, अजून संध्याकाळी सातनंतर पाण्याचा घोट घेत नाही, घरात दोन बाथरूम असून." आणि लगेच पुढे नमस्कार, तुझा अमुक.

अरे बाबा, विक्षिप्त?

आता तुझ्याच पत्रातलं वरचं एक वाक्य वाच. "उन्हाळ्यात आम्ही सगळी पोरं आणि बाप्ये पॅसेजमध्ये अंथरुणं टाकून झोपायचो, रात्री दोन-दोनपर्यंत गप्पा, ते सुख फ्लॅटमध्ये नाही." बरोबर आहे, १६० स्क्वेअर फुटांच्या खोलीत सात माणसं मावणार कुठे, बाप्यांनी बाहेरच झोपायचं. पण बीडीडीचा पॅसेज कसा असतो ते तुला मी सांगायला नको, मधून अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि अख्ख्या मजल्याचे संडास कॉमन. तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा विशीतली असेल. रात्री एकला पोटात कळ आली की तिने काय करायचं? हातात टमरेल, डोक्यावरचा पदर सावरत, झोपलेल्या आणि न झोपलेल्या वीस बाप्यांच्या तंगड्या ओलांडत जायचं, त्यात सासरे, दीर आणि तुमचं ते गप्पा मारणारं टोळकं. आणि परतही तसंच यायचं.

नाही गेली ती. तिने पाणी सोडलं. सोप्पं होतं ते.

हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. आमच्या गॅलरीच्या टोकाला संडास होते आणि माझी आई संध्याकाळी दिवा लावला की तांब्या पालथा घालायची. आम्हाला वाटायचं, काहीतरी व्रत असेल! मी स्वतः बाळंतपणाला माहेरी गेले, आठवा महिना होता, तेव्हा मला कळलं व्रत कसलं ते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीला बीडीडी चाळी पाडून बांधलेल्या नव्या इमारतींतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, तेव्हा सगळीकडे ५०० स्क्वेअर फूट, ५०० स्क्वेअर फूट हेच चाललं होतं. मी मात्र त्या बायकांचे चेहरे बघत होते आणि मनात म्हणत होते, घरात संडास आला गं बाई, आतून कडी लागणारा.

तर तू गेट-टुगेदरला एकटा जा, भरपूर नाच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. "आई का नाही आली" असं कोणी विचारलं तर "तिची इच्छा नव्हती" एवढंच सांग, तब्येतीची थाप मारू नकोस.

पण त्याच्या आधी, आजच, रात्री नऊला टीव्ही बंद कर, दोन ग्लास पाणी भर आणि तिच्या पलंगाशी बस. एक तू पी. आणि विचार, "आई, तिकडे रात्री कशी जायचीस गं?" बस्स, एवढंच. मग तोंड बंद ठेव. मधे "पण किती मजा होती ना" असं एकदा जरी म्हणालास तर मला परत पत्र टाकू नकोस. ती आधी उडवून लावेल, "काय विचारतोस मेल्या," म्हणेल, उशी सारखी करेल. तू उठू नकोस. सूनबाईला पण बसव, तिच्यासमोर कदाचित लवकर बोलेल.

त्या रात्री ती पाणी पिणार नाही, सत्तरी ओलांडलेल्या बाईची पन्नास वर्षांची सवय आहे ती. ग्लास तिथेच झाकून ठेव. आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतचा दिवा रात्रभर चालू राहू दे, बिलाची कुरकुर केलीस तर मला सांग, मी भरते.