शेजारच्या आजींच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करावी का?

करा. बिनधास्त करा. घरचे म्हणतात कोर्टाच्या भानगडीत पडू नकोस, आणि आजी घर एकट्या नातीला देतायत हे तुम्हाला पटत नाही, म्हणून तुम्ही अडलायत. घरच्यांचं हे वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की प्रश्न वाचून राहवलं नाही.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. समोर एक मावशी राहायच्या, रिटायर शिक्षिका, घराची रजिस्ट्री त्यांच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पगारातून घेतलेलं. दोन मुलं वेगळी राहायची, मुलगी सासरहून परत आलेली आणि मावशींचं दुखणंखुपणं शेवटपर्यंत तिनेच काढलं. एक दिवस मावशींनी मला आणि त्यांच्या डॉक्टरांना बोलावलं, मुलीला मुद्दाम राजवाड्याकडे कामाला पाठवलं आणि फुलस्केपवर स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलेलं मृत्युपत्र समोर ठेवलं. आमच्यासमोर त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही दोघांनी केली, झालं. स्टॅम्प पेपर नाही, नोटरी नाही, रजिस्ट्रेशन नाही, आणि यातलं काहीच कायद्याने लागत नाही. आत काय लिहिलंय ते मी विचारलंसुद्धा नाही, साक्षीदाराला मजकूर माहीत असायची गरज नसते.

मावशी गेल्यावर मुलगी तो कागद घेऊन नगर निगममध्ये नामांतरणाला, म्हणजे घराच्या नोंदीत आपलं नाव चढवायला गेली तेव्हा कळलं की घर तिला आणि एफडी, दागिने मुलांना. मोठ्या मुलाने लगेच हरकत घेतली, म्हणे ही आईची सहीच नाही आणि आई शेवटी भ्रमिष्ट झाली होती. भ्रमिष्ट! ज्या बाई रोज दुपारी पेपरातलं शब्दकोडं सोडवायच्या त्यांना. मृत्युपत्रावरून वाद झाला की नामांतरणवाले सिव्हिल कोर्टात पाठवतात, 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्या मध्य प्रदेशातल्याच एका केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय, नामांतरणाने मालकी मिळत नाही. तर केस उभी राहिली, तारखांवर तारखा पडत गेल्या आणि मधेच डॉक्टर वारले.

राहिलो मी एकटा. आता कायदा काय आहे बघा. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925, कलम 63, दोन साक्षीदार लागतात. आणि मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचं तर त्यातला निदान एक, जिवंत आणि धडधाकट असेल तर, येऊन बोलावाच लागतो. आधी हे एव्हिडन्स ॲक्टच्या कलम 68 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 67 मध्ये आहे. लोकांना वाटतं रजिस्टर केलं की झालं, नाही, रजिस्टर केलेल्यालाही साक्षीदार लागतोच. म्हणजे मी त्या दिवशी गेलो नसतो तर मावशींनी शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद मुलीच्या हातात नुसता राहिला असता.

उलटतपासणी मोठ्या मुलाच्या वकिलाने चांगली लांबवली. पेन कोणाचं होतं, मावशी पलंगावर होत्या की खुर्चीत, चष्मा होता का, आधी सही कोणी केली, मुलगी कुठे होती. मुलगी घरात नव्हती हे मी सांगितलं आणि तेच महत्त्वाचं ठरलं, कारण ज्याला फायदा मिळणार तोच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढे पुढे असेल तर कोर्टाला संशय येतो आणि तो संशय दूर करायचं काम त्याच्याच गळ्यात पडतं, 1959 च्या वेंकटाचल अय्यंगार केसपासून हे चालत आलंय. मला भर कोर्टात विचारलं, तुम्हाला किती मिळाले? एक पैसा नाही, आणि मी ते मान वर करून सांगितलं. निकाल मुलीच्या बाजूने लागला.

मावशींचा मोठा मुलगा आमच्या दादाचा शाळेपासूनचा दोस्त. ती दोस्ती तुटली आणि दादा अजून मला ऐकवतो की तुझ्या एका सहीने मित्राचं घर गेलं, परक्यांच्या घरात तुला काय पडलं होतं. घर गेलं ते त्याच्या मित्राच्या आईच्या सहीने. मी फक्त जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं, आणि जे लोक दुसऱ्यासाठी साक्षीदार व्हायला घाबरतात त्यांना स्वतःच्या वेळी साक्षीदार कुठून मिळणार? दादाने साठी ओलांडली, त्याचं मृत्युपत्र नाही, हे मी त्याला तोंडावर विचारलंय, उत्तर आलेलं नाही.

तुमचं वाटणी पटत नाही वगैरे, तो प्रश्नच तुमचा नाही. घर आजींचं स्वतःचं असेल तर त्या कोणालाही देतील, साक्षीदार वाटणीला मान्यता देत नाही. वडिलोपार्जित असेल तर फक्त त्यांच्या हिश्श्यापुरतं देता येतं.

पण हां, आजींना तुम्ही ओळखू येत नसाल, किंवा नात शेजारी बसून कुठे सही करायची ते दाखवत असेल, तर सही करू नका आणि तिथेच सांगा. कोरा कागद किंवा घरी पाठवलेला कागद तर अजिबात नाही, सही आजींच्या समोरच व्हायला हवी. हे सगळं हिंदू घरापुरतं, मुसलमानांचे नियम वेगळे आहेत. मी वकील नाही, त्यामुळे एकदा वकिलाला विचारा.

आणि तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय की कॅनडाचं पीआर (तिथे कायम राहायची परवानगी) झालंय, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. कोर्टाच्या परवानगीने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर साक्ष देता येते, तरी दुसरा साक्षीदार गावातच राहणारा आणि आजींपेक्षा बराच लहान असा बघा. त्यांच्या वयाची मैत्रीण नको.