फुलदाणीसाठी घरची फुलं: तुमचे प्रश्न

प्रश्न (नाशिक): ताई, जुलैत ओळखीच्यांकडून शेवंतीचे फुटवे आणून गच्चीत कुंड्यांमध्ये लावले. झाडं मस्त वाढलीत, पण डिसेंबर आला तरी एक कळी नाही. शेणखत, डीएपी, केळीच्या सालांचं पाणी सगळं घालून झालं. गंमत म्हणजे गच्चीच्या मागच्या अंधाऱ्या बाजूला शेजाऱ्यांची तीच शेवंती भरभरून फुललीय.

उत्तर: अहो, आधी ते खत थांबवा, खाऊन खाऊन पानंच वाढतील. मला सांगा, तुमच्या कुंड्यांवर रात्री उजेड पडतो का? रस्त्याचा दिवा, जिन्यातली ट्यूब, समोरच्या दुकानाचा बोर्ड, काहीही. शेजाऱ्यांची मागच्या अंधाऱ्या बाजूला फुलली म्हणताय, म्हणून माझा पहिला संशय तोच. शेवंती दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की कळ्या धरते, आणि रात्र म्हणजे सलग अंधार हवा, मध्येच उजेड पडला की झाडाला वाटतं अजून उन्हाळाच चाललाय आणि ते आपलं पानं वाढवत बसतं. पॉलिहाऊसवाले हीच गोष्ट मुद्दाम करतात, फुलं लांबवायची असली की रात्री बल्ब लावतात आणि लवकर हवी असली की संध्याकाळी काळं कापड ओढतात. तुमच्याकडे फुकटात बल्ब लागलाय एवढंच!

कुंड्या मागच्या बाजूला हलवा. ते शक्य नसेल तर रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास वरून जाड काळं कापड नाहीतर मोठा खोका घाला आणि सकाळी सातला काढा, कळ्यांना रंग दिसेपर्यंत हा उद्योग चुकवायचा नाही. आत्ता सुरू केलंत तर फेब्रुवारीत फुलं मिळायला हरकत नाही. कळ्या आल्या की एका दांड्यावर एकच मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या कळ्या लहान असतानाच खुडायच्या, आणि झुपका हवा असेल तर उलट, मधली मोठी कळी काढून टाकायची. पुढच्या वर्षी शेंडे खुडणं ऑगस्टअखेर बंद करा, त्यानंतर खुडलंत तर फुलं उशिरा येतात.

प्रश्न (सांगली): झिनिया छान येतात पण कापून पाण्यात ठेवल्या की दुसऱ्या दिवशी माना टाकतात. आणि देठ इतके आखूड की फुलदाणीत दिसतच नाहीत.

उत्तर: फूल कच्चं कापताय. झिनिया कापल्यावर पुढे पिकत नाही, त्यामुळे कळी असताना कापण्यात अर्थ नाही. फुलाच्या खाली वीतभर अंतरावर देठ धरून हलकेच हलवून बघा, मान लटपटली तर राहू द्या, काठीसारखी ताठ राहिली तर कापा. कापायचं भल्या पहाटे किंवा ऊन उतरल्यावर, आणि पाण्याची बादली सोबतच न्यायची, टोपलीत गोळा करून मग स्वयंपाकघरात नेऊ म्हणाल तर तेवढ्यातच कोमेजतात.

देठ आखूड राहतात कारण आपल्याला कापायला जिवावर येतं. देवपूजेला फूल वरच्यावर खुडायची सवय ना! फुलदाणीला मात्र खाली, पानांच्या जोडीच्या जरा वर, बाजूच्या दोन-चार कळ्या गेल्या तरी चालतील अशा बेतानं लांब देठ काढायचा. त्या जोडीतून दोन नवे फुटवे येतात आणि त्यांचे देठ आपोआप लांब असतात. रोप वीतभर असतानाच एकदा शेंडा खुडलात तर आणखी चांगलं.

प्रश्न (ठाणे): बाल्कनीत जेमतेम तीन तास ऊन येतं. ग्लॅडिओलस लावू का?

उत्तर: नको. कंदाचे पैसे वाया जातील, त्याला निदान सहा तास ऊन लागतं. मी तुमच्या जागी असते तर फुलांचा नादच सोडून पानं लावली असती: नेचा, साँग ऑफ इंडिया, ड्रेसिना, मनी प्लांट. सजावटीत अर्धं काम पानंच करतात, आणि फुलांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. दादरच्या फुलबाजारातून गुलछडीच्या पाच काड्या आणायच्या, घरची पानं लावायची, झालं. काड्या घेताना खालच्या एक-दोन जोड्या उमललेल्या बघून घ्या, सगळ्या मिटलेल्या असल्या तर बऱ्याचदा तशाच राहतात. सुवासासाठी सिंगल म्हणजे एकेरी पाकळ्यांची, फुलदाणीत भरगच्च दिसायला डबल.

प्रश्न (पुणे): पाण्यात अ‍ॅस्पिरिन किंवा तांब्याचं नाणं टाकलं की फुलं जास्त टिकतात का?

उत्तर: फारशी नाही. देठाच्या तोंडाशी जंतू साचतात आणि पाणी वर चढत नाही, मूळ दुखणं हे. एक लिटर पाण्यात एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि धुण्याचं ब्लीच पाव चमचा, एवढं पुरतं. ब्लीच गाळून नुसती साखर घालू नका, जंतूंचीच मेजवानी होते. पाण्याखाली जाणारी पानं काढा, एक दिवसाआड पाणी बदला आणि देठ बोटभर तिरका कापा. झेंडू असेल तर रोज बदला, नाहीतर दिवाणखान्यात बसवणार नाही. आणि फुलदाणी डायनिंग टेबलावर पिकलेल्या केळ्या-आंब्यांशेजारी ठेवत असाल तर आधी ती उचला, फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं फुलं लवकर गळतात.