जळगाव आणि धुळ्याच्या फाइल सर्व्हरमध्ये फोल्डर रेप्लिकेशन लावलं, तर वेगळा बॅकअप ठेवावा लागतो का?

हो, ठेवावाच लागतो. तुम्ही लिहिलंय की डीएफएस रेप्लिकेशन, म्हणजे दोन विंडोज सर्व्हरवरचं फोल्डर आपोआप सारखं ठेवणारी सोय, लावून देणारा म्हणतो, ‘डेटा दोन गावी राहणार, मग बॅकअपचा खर्च कशाला?’ हेच वाक्य मी एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात, मालकासमोर ऐकलंय. बोलणारे आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचे शेठ होते आणि मी त्यांच्याकडे नवा. मी म्हणालो, निदान एक यूएसबी डिस्क तरी लावू. त्यांनी कोटेशनमधून ती ओळच खोडली.

२०१६ ची गोष्ट. जिनिंग जळगाव एमआयडीसीत, दुसरं ऑफिस धुळ्याला. दोन्हीकडे विंडोज सर्व्हर २०१२ आर२, एकच डोमेन (दोन्हीकडे एकच केंद्रीय लॉगिन व्यवस्था), मध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून खाजगी जोडणी. रेप्लिकेशन मीच लावलं होतं आणि ते छान चालायचं. काट्यावर कापसाची गाडी आली की भरल्या गाडीचं वजन, माल खाली झाला की रिकाम्या गाडीचं, सगळं जळगावच्या एसक्यूएल डेटाबेसमध्ये. रोज रात्री ११ ला त्याचा बॅकअप शेअर फोल्डरमध्ये पडायचा, आणि ते फोल्डर धुळ्याला जात होतं. जात होतं असं आम्ही समजत होतो.

डिसेंबरात, ऐन आवकेत, जळगावच्या सर्व्हरचा रेड कंट्रोलर, म्हणजे सगळ्या डिस्क एकत्र चालवणारं कार्ड, गेला. चार डिस्कपैकी एकही वाचता येईना. शेठ म्हणाले, ‘धुळ्याला आहे ना सगळं, घेऊन ये.’ मी मोटारसायकल काढली. एरंडोल, पारोळा, कुठे चहालाही थांबलो नाही. धुळ्यात फोल्डर उघडलं. एक्सेल होत्या, पीडीएफ होत्या, गठाणींचे फोटो होते. काटा बॅकअप नावाचं फोल्डरही होतं. प्रॉपर्टीज बघितल्या तर शून्य फाइल, शून्य बाइट.

कारण असं की, डीएफएसमध्ये रेप्लिकेटेड फोल्डर बनवताना फाइल फिल्टर आधीपासूनच लावलेला असतो. टिल्ड चिन्हाने सुरू होणाऱ्या फाइल, डॉट टीएमपी (.tmp) आणि डॉट बॅक (.bak), या तीन जाती तो पाठवतच नाही. एसक्यूएलचा बॅकअप नेमका डॉट बॅक. तीन महिन्यांत त्यातली एक फाइल धुळ्याला पोचली नव्हती आणि एरर एकही आला नव्हता. बॅकलॉग, म्हणजे पाठवायच्या राहिलेल्या फाइलींचा आकडा, तोही शून्य दिसायचा, कारण सिस्टिमच्या लेखी पाठवायचं काही राहिलेलंच नव्हतं. फिल्टर न बघणं ही माझी चूक, ती मी तेव्हाच कबूल केली.

नोटाबंदीचे दिवस, पेमेंट चेकने. वजनाची नोंद नाही तर चेक नाही. पारोळ्याकडचे एक आजोबा दोन दिवस काउंटरसमोरच्या बाकावर बसून होते. ‘भाऊ, मन्हा कापूसना हिशोब कोठे गया?’ एवढंच विचारायचे, आवाजही चढवला नाही. ते अजून डोळ्यांसमोर येतात.

निभावलं ते काट्यावरच्या आप्पांमुळे. पावतीची तिसरी कार्बन प्रत ते बारदानाच्या पोत्यात टाकून ठेवायचे. सहा रात्री आम्ही चौघांनी त्या फिकट निळ्या प्रतींवरून नोंदी चढवल्या. कार्बनमध्ये इंग्रजी तीन आणि आठ सारखेच दिसतात. मग भरल्यातून रिकामं वजा करायचं आणि निव्वळ वजन जुळेल तो आकडा घ्यायचा.

शेठ आजही म्हणतात, कंट्रोलर खराब निघाला, नशीब. मला हे पटत नाही. कंट्रोलर जाणारच, ती वस्तूच तशी. आणि फिल्टरमधून डॉट बॅक काढला असता तरी मुद्दा उरतोच. धुळ्यात कुणी फोल्डर डिलीट केलं की जळगावचंही जातं. रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) कुलूप घातलेल्या फाइलीही तितक्याच इमानाने पलीकडे पोचतात. डिलीट झालेलं काही काळ एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहतं, पण त्याची ठरलेली मर्यादा ४ जीबी. त्याला बॅकअप म्हणणाऱ्याने तुमच्यासमोर त्यातून एक फोल्डर परत काढून दाखवावं.

बाकी लावायला हरकत नाही, मी आजही लावतो. प्रायमरी मेंबर, म्हणजे पहिल्या कॉपीच्या वेळी ज्याचा डेटा खरा धरायचा तो सर्व्हर, निवडताना घाई करू नका. ज्या सर्व्हरवरचा डेटा बरोबर तोच प्रायमरी. दुसरीकडच्या वेगळ्या निघालेल्या फाइली बाजूला टाकल्या जातात. डेटा मोठा असेल तर रोबोकॉपीने (विंडोजमधल्याच कॉपीच्या कमांडने) डिस्कवर घ्या, परवानग्यांसकट, आणि डिस्क बसने धुळ्याला न्या. लाइनवरून पहिली कॉपी चालवत बसू नका. स्टेजिंगचा, म्हणजे पाठवायच्या फाइली तात्पुरत्या ठेवायच्या जागेचा, कोटा मूळचा ४ जीबी असतो. तुमच्या सगळ्यात मोठ्या ३२ फाइलींच्या बेरजेपेक्षा तो कमी नको. पलीकडच्या सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये इव्हेंट ४१०४, म्हणजे पहिली कॉपी पूर्ण झाल्याची नोंद, दिसेपर्यंत कुणाला तिथे कामाला बसवू नका.

बॅकअपसाठी दोन यूएसबी डिस्क, आलटून पालटून, एक कायम ऑफिसबाहेर. महिन्यातून एकदा एखादी फाइल त्यातून खरंच परत काढून बघा.

हे आधीच सांगायला हवं होतं, सर्व्हर वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेनशिवाय सुटे, असतील तर यातलं काहीच चालणार नाही, डोमेन लागतं. दोन्हीकडून एकच एक्सेल उघडली जाणार असेल तर लॉक लागत नाही, शेवटी सेव्ह करणाऱ्याची फाइल राहते. टॅली किंवा चालू डेटाबेस त्यात ठेवूच नका. आणि तुमचाही धंदा सीझनचा असेल, उन्हाळ्यात धुळ्याचं ऑफिस बंद राहत असेल, तरी तिथला सर्व्हर चालू ठेवा. तो ६० दिवसांहून जास्त तुटलेला राहिला की २०१२ पासूनच्या सर्व्हरमध्ये ते फोल्डर इव्हेंट ४०१२ देऊन रेप्लिकेशन थांबवतं, आणि दिवाळीच्या तोंडावर सगळं पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं.